गारगोटीला मान कसा मिळतो

मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके काळ्या कातळावर उभे आहेत. माहुलीचे सुळके, माळशेजचे कडे, नाणेघाटाच्या तोंडाशी उभा असलेला नानाचा अंगठा, सगळीकडे दगड एकच, बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. लाव्हा थंड होताना त्यात कोंडलेला वायू वर येतो, आणि प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला आंबोळीसारखी जाळी पडते. पुढे लाखो वर्षे या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या कडेला पातळ थराने बसली, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. पोकळी भरली की आत गारेचा गोळा तयार झाला. बाहेरचा कातळ ऊन-पावसाने कुजून माती होतो, आतली गार तशीच राहते. ती सुटी होते आणि ओढ्याला लागते. म्हणूनच उन्हाळ्यात ओढ्या-नद्यांच्या पात्रांत काळ्या गोट्यांमध्ये पांढऱ्या, राखी, कधी तांबूस गारगोट्या दिसतात. पोरे त्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडतात आणि टाकून देतात.

या गारगोटीच्याच कुळातला दगड म्हणजे अकीक. पट्टे असले तर अकीक, लोखंडाच्या अंशाने लाल झाला असेल तर कार्नेलियन, अपारदर्शक आणि गडद असेल तर जास्पर. मूळ द्रव्य एकच, सिलिका. याच दगडाचे मणी इ.स. पूर्व तिसऱ्या सहस्रकात समुद्र ओलांडून इराकमधल्या ऊर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत गेले आणि याच दगडासाठी रोमचे व्यापारी भडोचला जहाजे लावत. ओढ्यात फुकट पडलेल्या वस्तूला एवढी किंमत येते कशी, हे समजायचे तर आधी मणी तयार कसा होतो ते पाहावे लागते.

गुजरातेत खंबातला अकिकाचे काम अजून चालते. तिथली रीत पाहून पुरातत्त्वज्ञांनी जुन्या काळचे तंत्र बरेचसे उलगडले आहे. कच्चा दगड भडोचजवळच्या रतनपूर भागातल्या खाणींतून येतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यात घालून मंद आगीत रात्रभर भाजतात. भाजल्याने दोन गोष्टी होतात. दगडात मुरलेला ओलावा निघून जातो, त्यामुळे पुढे कपच्या हव्या तशा निघतात. आणि दगडातला लोखंडाचा अंश लाल होतो. मळकट पिवळा खडा आगीतून तांबडा होऊन बाहेर पडतो. आग तडकन वाढली तर दगड फुटतो, म्हणून भाजणाऱ्याचा हात सावकाश चालणारा लागतो.

मग आकार देणे. जमिनीत एक टोकदार लोखंडी सळई तिरकी पुरलेली असते. कारागीर खडा तिच्या टोकाला टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकी टिचकी मारतो. कपची उडते ती सळईच्या बाजूने. अकीक काचेसारखा फुटतो, त्यामुळे जाणत्या हाताला तो कुठे फुटेल हे आधीच कळते. अशा कपच्या काढत काढत ओबडधोबड मणी तयार होतो, मग तो दगडावर घासून गुळगुळीत करतात.

खरे काम यानंतरचे, वेज पाडण्याचे. कमानीची दोरी सळईला गुंडाळून ती पुढे-मागे फिरवायची. सुतार ज्याला सामता म्हणतात तेच हे हत्यार, फक्त सळईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेल्या असतात. मणी लाकडी चिमट्यात आवळलेला, वरून पाण्याचा थेंब थेंब. निम्मे भोक एका बाजूने, निम्मे दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही मध्यावर भेटली पाहिजेत. भेट चुकली तर भोकाच्या मध्यात पायरी पडते. जोर जास्त झाला तर इतक्या दिवसांचे काम दोन तुकड्यांत हातात येते. हडप्पा काळात हिऱ्याचे टोक नव्हते, एका खास कठीण दगडाची बारीक सळई वापरत. जोनाथन मार्क केनॉयर या अभ्यासकाने तसेच साहित्य घेऊन प्रयोग केले तेव्हा तासाला साधारण अडीच मिलिमीटर एवढीच प्रगती झाली. म्हणजे ६ सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला नुसते आरपार जायला २४ तास, आठ तासांचे तीन दिवस. अशा डझनावारी मण्यांचा कमरपट्टा मोहेंजोदडोला सापडला आहे.

शेवटी झिलई. खंबातला पूर्वी मणी आणि अकिकाचीच भुकटी पाण्यासह चामड्याच्या पिशवीत भरत आणि दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी दिवसचे दिवस एकमेकांकडे लोटत. आता यंत्राची पिंपे फिरतात. एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. दगड घासताना उडणारी सिलिकेची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. खंबातच्या अकीक कामगारांमध्ये हा आजार चांगला नोंदलेला आहे. मण्याचा मान ज्याच्या गळ्यात जातो तो माणूस आणि मण्याची धूळ ज्याच्या छातीत जाते तो माणूस, हे दोघे कोणत्याही काळात एक नव्हते.

मान येतो तो याच हिशोबातून. ज्या गावात प्रत्येक जण स्वतःचे धान्य पिकवतो तिथे एक माणूस महिनोन्‌महिने नुसती भोके पाडत बसू शकत नाही. त्याला कोणीतरी पोसावे लागते. माळ घालणारा गळ्यात दुसऱ्याचे दिवस घालतो आणि ते पाहणाऱ्यालाही कळते, कारण दगड किती चिवट असतो हे त्या काळात प्रत्येकाच्या हाताला ठाऊक होते. आपण आज मणी पाहतो तेव्हा रंग पाहतो. त्या वेळचा माणूस आधी भोक पाहत असेल, असे मला वाटते.

पुरातत्त्वज्ञ हा मान कसा वाचतात, तेही पाहण्यासारखे आहे. नुसता मणी मुका असतो. तो कोणाजवळ सापडला यावर सगळे ठरते. नेवासे आणि चांडोली इथल्या ताम्रपाषाण वसाहतींत लहान मुलांच्या दफनांमध्ये गळ्यात तांब्याच्या मण्यांच्या माळा मिळाल्या. तांब्याच्या गंजामुळे मण्यातला धागासुद्धा टिकला होता. तांबे त्या काळी दख्खनमध्ये दुर्मिळ. मोठ्या माणसाने पराक्रमाने, कष्टाने किंवा वयाने मान मिळवला असे म्हणता येईल, पण ज्याने अजून काहीच केलेले नाही अशा लेकराला मौल्यवान माळ घालून पुरतात तेव्हा तो मान घराण्याचा असावा, असा तर्क पुरातत्त्वात करतात. त्याच काळातल्या इनामगावला, शिरूर तालुक्यात, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे धान्यकोठाराशेजारचे मोठे घर उत्खनन करणाऱ्यांनी गावच्या मुख्याचे ठरवले. धान्य ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे कारागिरांना पोसण्याची ताकद. मणी आणि कोठार यांचे नाते असे जवळचे आहे.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिको आणि ग्वातेमालात, वेगळ्या दगडाने घडली. तो दगड जेड. तिथला जेड म्हणजे जेडाइट. त्याची जन्मकथा आपल्या अकिकाच्या अगदी उलट आहे. आपली गारगोटी निवांत, थंड पोकळीत थेंबाथेंबाने जमली. जेडाइट तयार होतो तो भूगर्भातले दोन मोठे पट्टे एकमेकांवर चढतात तिथे, प्रचंड दाबाखाली. असा सांधा मध्य अमेरिकेत ग्वातेमालातल्या मोताग्वा नदीच्या खोऱ्यात आहे. ओल्मेक, माया, अझटेक या सगळ्या संस्कृतींना जेड मिळाला तो मुख्यतः या एका खोऱ्यातून.

कठीणपणात जेडाइट आणि अकीक जवळजवळ सारखे, पण वागणूक निराळी. जेडाइटचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो काचेसारखा कपच्या देत नाही. नेमका आकार द्यायचा तर त्याला कापावेच लागते. मायांकडे त्या काळी धातूची हत्यारे नव्हती. ते ताणलेली दोरी, ओली वाळू किंवा जेडचीच भुकटी, आणि अनंत वेळ वापरत. दोरी पुढे-मागे ओढायची, वाळू दगड खात जाते. वेज पाडायला बोरूची किंवा पक्ष्याच्या हाडाची पोकळ नळी आणि तीच वाळू. इथेही दोन्ही बाजूंनी भोक आणि मध्यावर भेट. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलखांतल्या कारागिरांनी एकच युक्ती शोधली, कारण दगडाने दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

हिरवा रंग तिथे मक्याच्या कोवळ्या पानाचा, पाण्याचा आणि श्वासाचा. मृताच्या तोंडात जेडचा मणी ठेवत, प्राण त्यात राहावा म्हणून. अझटेकांची पाण्याची देवता चाल्चिउत्लिक्वे, म्हणजे जेडचा घागरा नेसलेली. पालेंके इथला माया राजा पाकाल इ.स. ६१५ मध्ये गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रुझ लुइलिए यांनी त्याची समाधी उघडली तेव्हा चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता, तोंडात मणी, हातांत जेडचे खडे, गळ्यात-मनगटांत माळा. बेलीझमधल्या ‘आल्तुन हा’ इथे १९६८ मध्ये सूर्यदेवाचे जेडचे मस्तक सापडले, वजन ४.४२ किलो. सोने तिथे उशिरा आले आणि आल्यावरही जेडच्या खालीच राहिले. स्पॅनिश सैनिक बेर्नाल दियास याने लिहून ठेवले आहे की अझटेक सम्राट मोक्तेसुमाने स्पॅनिश सेनापती कोर्तेसला स्पेनच्या राजासाठी काही हिरवे दगड दिले आणि एकेकाची किंमत दोन ओझी सोन्याएवढी सांगितली. समोर बसलेल्या स्पॅनिशांना हवे होते सोने.

ग्वातेमालात कांकुएन नावाचे माया शहर आहे. तिथल्या जेडच्या कामाचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की दगड फोडणे, कापणे, ढोबळ आकार देणे ही कामे साध्या घरांत होत. शेवटचे कोरीव काम मात्र वरच्या दर्जाच्या लोकांच्या वाड्यांत. ज्या हाताने सर्वांत जास्त घाम गाळला त्याच्याकडे पूर्ण दागिना राहतच नसे. शेवटचा हात फिरवण्याचा हक्क हाच मान होता.

आता आपल्याकडे परत येऊ, कारण खरा फरक इथे आहे. जेडचे खोरे एक. म्हणून मोताग्वाकडून येणाऱ्या वाटा आणि दगडाची वाटणी मोजक्या घराण्यांच्या हातात राहू शकली. दख्खनचा अकीक मात्र काळ्या कातळाबरोबर महाराष्ट्रभर पसरलेला आहे. गोदावरीच्या पात्रात आहे, भीमेच्या आहे. तो कोण अडवणार? त्यातच इसवी सनाच्या आसपासच्या शतकांत हिऱ्याच्या टोकाचे सामते आले, वेज पाडण्याचे काम झपाट्याने होऊ लागले आणि मणी स्वस्त झाला. तेर, पैठण, नेवासे इथल्या सातवाहनकालीन थरांत तो भरपूर मिळतो. राजवाड्यापुरता तो उरला नव्हता. दगड अडवता येत नसेल तर सत्तेने काय अडवायचे? वाट.

आणि वाट म्हटली की मुरबाड आणि शहापूर. कोकणातून देशावर चढायच्या जुन्या वाटांपैकी दोन मोठ्या याच तालुक्यांतून जातात. शहापुरातून थळघाट, म्हणजे आजचा कसारा, नाशिककडे. मुरबाडमधून, वैशाखरे गावाजवळून, नाणेघाट जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे. नाणेघाटात गाडी चढत नाही, पायऱ्या आहेत. माल बैलांच्या पाठीवर जाई. अशा वाटेवर वजनाने हलका आणि किमतीने जड माल परवडतो, आणि मण्यांची थैली त्या हिशोबात चोख बसते. माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत पैठणहून अकिकासारखा पट्टेदार दगड फार मोठ्या प्रमाणात भडोचला येतो, गाड्यांतून आणि बिकट वाटांनी, अशी नोंद आहे. भडोच ते पैठण वीस दिवसांचा प्रवास. तर मग जवळचे कल्याण सोडून एवढ्या लांब का? त्याचेही उत्तर त्याच पुस्तिकेत आहे. आधीच्या सातवाहन राजाच्या वेळी कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे ती दुसऱ्या सत्तेच्या ताब्यात गेली, व्यापार अडवला गेला आणि चुकून तिकडे आलेली ग्रीक जहाजे पहारा लावून भडोचला नेली जाऊ लागली. दगड तोच, कारागीर तेच, पण घाटाखालचे बंदर कोणाच्या हातात यावर माल कुठल्या दिशेने चालणार हे ठरले. मायांकडे जे काम दगडाच्या खोऱ्याने केले, ते आपल्याकडे घाटाने आणि बंदराने केले.

या वाटेवर पैसा मिळवणारे लोक कोण होते, तेही थोडेफार कळते. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत कल्याणचा सोनार सामिदत आहे, त्याने पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याचा नागपालित आहे, आणि तो स्वतःचा धंदा मणिकार असा सांगतो. मणी घडवणारा किंवा विकणारा माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या धंद्याची ओळख देऊन, लेण्याच्या भिंतीवर उभा राहतो. कांकुएनच्या साध्या घरांत जेड कापणाऱ्याचे नाव कुठेच नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

राजघराण्याचा मान मग कशात दिसे? नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांच्या मूर्ती होत्या. सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, राजकुमार. मूर्ती नष्ट झाल्या, वर कोरलेली नावे राहिली. त्यांच्या अंगावर काय होते हे पाहायचे तर त्याच काळाच्या आसपासच्या भाजे आणि कार्ल्याच्या शिल्पांकडे जावे लागते. कार्ल्याच्या चैत्याच्या ओसरीतल्या जोडप्यांच्या पायांत जाड तोडे आहेत, कमरेला रुंद मेखला, कानांत वजनदार कुंडले. नागनिकेचा मोठा शिलालेख मात्र दागिन्यांची बढाई मारत नाही. तो यज्ञांची आणि दक्षिणेची यादी देतो. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, दुसरीकडे २४,४०० कार्षापण नाणी. हा लेख कुठल्या राजवाड्यात नाही, प्रत्येक व्यापाऱ्याला ज्या खिंडीतून जावेच लागते त्या खिंडीत आहे. पाकाल आपला मान स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन बंद समाधीत गेला. नागनिकेने तो वाटेवरच्या भिंतीवर, दिलेल्या वस्तूंच्या आकड्यांत मांडला.

दगडाची प्रतवारी आपल्याकडेही होतीच. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले : तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले. या क्रमात घडवलेला दगड चांदीच्या आत आहे, म्हणजे पवित्र वस्तूच्या अधिक जवळ. सोने मात्र सगळ्यांच्या आत. इथे मोक्तेसुमाचे आणि आपले जमले नसते.

दगडाचा मणी पुढे काचेने मागे सारला. काच वितळवून पोकळ नळी ओढायची आणि तिचे तुकडे पाडायचे, की वेज आपोआप मिळते. तीन दिवसांचे काम क्षणात होते. भोकाची उरलीसुरली किंमत गेली आणि तिच्याबरोबर तो जुना मानही गेला. मण्याने मग दुसरे काम घेतले. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवर ठाकूर, कातकरी, वारली बायकांच्या गळ्यात रंगीत काचमण्यांच्या माळा दिसतात. काळ्या मण्यांची पोत तर सगळ्या जातींत आहे. ती घालणारी श्रीमंत आहे का, हे तिच्यावरून कळत नाही. ती सवाशीण आहे, हे कळते. दर्जा सांगणारी वस्तू नाते सांगू लागली. पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत बायका मण्यांच्या दुकानांपाशी माळा निवडतात, तेव्हा हा व्यवहार दोन-अडीच हजार वर्षे या पट्ट्यात चालू आहे, एवढे लक्षात असावे.

नाणेघाटाच्या पायथ्याशी किंवा जुन्या वाटेच्या कडेच्या शेतात नांगरताना एखादा तांबडा मणी वर येऊ शकतो. तो जुना आहे का, हे भोकावरून थोडे कळते. दोन्ही बाजूंनी आत निमुळते होत गेलेले आणि मध्यावर किंचित चुकलेले भोक हाताच्या कामाचे असते, यंत्राचे भोक सरळ असते. असा मणी धुऊन, घासून किंवा विकून टाकू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तहसील कार्यालयातून किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडून पुढची वाट कळते. कळवताना मण्यापेक्षा जागेची माहिती नीट द्यावी. कोणत्या गटातले शेत, किती खोलीवर, जवळ खापरे, राख, हाडे किंवा विटा होत्या का, आणि मणी एकटा होता की माळेने.